शेकोटीच्या खोलींत टेलिव्हिजन

एकाच बैठकींत दोन यजमान बसले म्हणजे पाहुण्यानें तोंड कोणाकडे करावें, असा पेंच पडतो. इंग्लंडमधील जुन्या विटांच्या घरांत राहावयास गेलेल्या कुटुंबास हा पेंच पहिल्याच आठवड्यांत भेटतो. दिवाणखान्याच्या एका भिंतीच्या मध्यभागीं शेकोटी असते. तिचें धुराडें थेट छपरापर्यंत गेलेलें असतें, आणि त्याच्यासाठीं भिंतीचा तेवढा भाग पुढें आलेला असतो. टेलिव्हिजनचें खोकें दारांत येऊन उभें राहतें, आणि घरांतील प्रत्येकाचें बोट त्या एकाच भिंतीकडे वळतें. महाराष्ट्रांत, महाबळेश्वरचे कांहीं जुने बंगले सोडल्यास, ही अडचण सहसा कोणाच्या वांट्यास येत नाहीं. परंतु विलायतेंत वा अमेरिकेंत संसार थाटलेल्या मराठी मंडळींस ती चांगलीच परिचित आहे.

शेकोटीचा हक्क जुना. लॅटिन भाषेंत ‘फोकस’ या शब्दाचा अर्थच मुळीं चूल किंवा शेकोटी असा आहे. किरण जेथें एकवटतात त्या बिंदूस केप्लरनें १६०४ सालीं तेंच नांव दिलें. थंड देशांत खुर्च्यांचीं तोंडें कोणीकडे असावींत, हें शेंकडों वर्षें शेकोटीनेंच ठरविलें. बी.बी.सी.नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टेलिव्हिजन सुरू केलें खरें. पण १९३९ पासून १९४६ पर्यंत युद्धापायीं तें बंदच होतें. मोठा फरक पडला तो २ जून १९५३ रोजीं. एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक पाहण्यासाठीं ब्रिटनमध्यें सुमारें दोन कोटि माणसें टेलिव्हिजनपुढें बसलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं शेजाऱ्यांच्या घरीं बसलीं. त्याच सुमारास शेकोटीचे ग्रह फिरले. डिसेंबर १९५२ मध्यें कोळशाच्या धुरानें भरलेलें दाट धुकें लंडनवर पांच दिवस ठाण मांडून राहिलें, हजारों माणसें दगावलीं, आणि १९५६ सालीं धुरास आळा घालणारा कायदा झाला. पुढें घरें नळांतून फिरणाऱ्या गरम पाण्यानें ऊबदार होऊं लागलीं. शेकोटीचें काम गेलें. मानाची जागा मात्र तशीच राहिली, सेवानिवृत्त वडिलांच्या खुर्चीसारखी.

जुना टेलिव्हिजन पेटीएवढा जाड होता, तोंवर वाद फारसा नव्हता. धुराड्याच्या दोन्ही बाजूंस जे कोनाड्यासारखे खोलगट भाग उरतात, त्यांतील एकांत तो मुकाट्यानें बसे. पुढें पडदा तसबिरीसारखा पातळ झाला आणि शेकोटीच्या फळीवरची भिंत, जेथें पूर्वीं आरसा किंवा चित्र लावीत, ती त्यास मोकळी दिसूं लागली. दुकानांतील चित्रांत ही मांडणी फार देखणी दिसते. मान दुखते ती मागाहून.

हिशेब साधा आहे. ५५ इंची पडदा सुमारें ४८ इंच रुंद व २७ इंच उंच असतो. शेकोटीची फळी साडेचार फुटांवर असली आणि तिच्यावर चार इंच जागा सोडली, तर पडद्याचा मध्य जवळजवळ सहा फुटांवर जातो. कोचावर टेकून बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात. आठ फुटांवरून पाहणाऱ्यास नजर सुमारें सतरा अंश वर करावी लागते. वरच्या कडेसाठीं त्याहूनहि अधिक. पांच मिनिटांच्या बातम्यांस हें चालेल, तीन तासांच्या चित्रपटास चालणार नाहीं. शिवाय ऊन हवा वरच चढते. बहुतेक टेलिव्हिजन सुमारें ४० अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या हवेंत चालण्यासाठीं बनविलेले असतात. म्हणून शेकोटी दोन तास पेटवून त्या जागीं उष्णतामापक टांगून पाहणें हें अगत्याचें. भिंतीच्या आंत धुराचा मार्ग असतो, त्यास खिळा वा तार भेदून जातां कामा नये, हेंहि गवंड्याकडून आधीं समजून घेतलेलें बरें.

मग समोरची भिंत? तेथें ज्वाळांचें प्रतिबिंब पडद्यावर नाचतें, आणि चित्र पाहणाऱ्यांची पाठ विस्तवाकडे होते. एकूण पाहतां जुना कोनाडाच बरा: बुटक्या कपाटावर, पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीस, आणि खुर्च्या अर्धवर्तुळांत, म्हणजे मान जरा वळविली कीं एकीकडे विस्तव व दुसरीकडे चित्र. घरांत लहान मुलें असल्यास टेलिव्हिजन पट्ट्यानें भिंतीशीं बांधावा.

कोणी म्हणेल, शेकोटी आतां वर्षांतून चारच संध्याकाळीं पेटते, तिचें एवढें काय? परंतु माणसें तिच्याकडे केवळ उबेसाठीं पाहत नव्हतीं. १९६६ च्या नाताळांत न्यूयॉर्कच्या एका टेलिव्हिजन केंद्रानें, ज्यांच्या बिऱ्हाडांत शेकोटी नाहीं अशा लोकांसाठीं, जळत्या ओंडक्याचें अवघ्या सतरा सेकंदांचें चित्रण पुन्हां पुन्हां फिरवून दाखविलें. लोकांस तें इतकें आवडलें कीं त्याची प्रथाच पडली. नॉर्वेच्या सरकारी टेलिव्हिजननें फेब्रुवारी २०१३ मध्यें सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यांतील आठ तास नुसती पेटलेली शेकोटी होती. लांकूड रचतांना साल वर असावी कीं खालीं, यावर प्रेक्षकांत तंटा जुंपला, तो वेगळाच! विस्तवापुढें बसून बोलतां येतें, विणतां येतें, गप्पहि बसतां येतें. टेलिव्हिजनपुढें कोणी बोलूं लागलें कीं चारजण ‘शूऽ’ करतात.

त्यांत विस्तवाशेजारची खुर्ची बहुधा वृद्धाची. पुण्याहून हिवाळ्यांत नातवंडांकडे आलेल्या आजीबाई तीच धरून बसतात, आणि कोनाड्यांतला पडदा नेमका त्यांनाच तिरका दिसतो. यासाठीं पडदा वळवितां येईल असा फिरता हात बाजारांत मिळतो. चार पैसे अधिक पडले तरी तोच घ्यावा.

भोंक पाडण्यापूर्वीं वर्तमानपत्राचे कागद जोडून पडद्याच्या मापाचा तुकडा कापावा, ठरलेल्या जागीं चिकटवावा, आणि आठवडाभर प्रत्येकानें आपापल्या नेहमींच्या जागेवरून त्याकडे पाहावें. आजीबाईंस विचारण्यास विसरूं नये.