इंजिनच्या रिंगांची निवड

धाराशिव म्हणजेच पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा अवर्षणप्रवण. रब्बीची ज्वारी किंवा हरभरा भरात असताना विहिरीत पाणी आहे, पण वीज नाही, अशा वेळी शेतकऱ्याची भिस्त डिझेल इंजिनवर असते. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि पुढे अशी इंजिने महाराष्ट्रातील विहिरींवर परिचयाची झाली. ऐन पाळीच्या वेळी तेच इंजिन निळसर धूर ओकू लागते, ऑइल खाते, त्याची ओढ कमी होते. मिस्त्री सांगतो, रिंगा गेल्या. मग जुनी रिंग खिशात घालून तालुक्याचे गाव गाठले जाते आणि तशीच नवी रिंग आणली जाते. पुष्कळदा महिन्याभरात धूर पुन्हा सुरू होतो.

याचे कारण असे की, रिंग जुन्या रिंगेवरून निवडावयाची नसते. ती सिलिंडरच्या मापावरून निवडावयाची असते. दट्ट्या अर्थात पिस्टनवरील वरच्या रिंगा दाब धरतात व दट्ट्याची उष्णता लायनरला देतात. खालची रिंग ऑइल खरवडून परत पाठविते. लायनरची झीज मात्र सारखी होत नाही. वरची रिंग जेथून मागे फिरते तेथे ती सर्वांत अधिक, तर तळाशी नाममात्र असते. व्यास ०.१० मि.मी.ने वाढला की परीघ ०.३१ मि.मी.ने वाढतो आणि तेवढीच रिंगेच्या टोकांमधील फटही रुंदावते. पाच अश्वशक्तीच्या, ८० मि.मी. बोअरच्या इंजिनला ही फट साधारणपणे ०.२५ ते ०.३५ मि.मी. असावी लागते, अंतिम शब्द अर्थात कारखान्याच्या पुस्तिकेचा. रिंग लायनरच्या कमी झिजलेल्या खालच्या भागात सरळ बसवून फीलर गेजने फट मोजावी.

येथे एक घातक युक्ती सर्रास केली जाते. झिजलेल्या लायनरमध्ये मोठ्या मापाची रिंग टोके कानशीने घासून बसवितात. परंतु रिंग तिच्या नेमक्या व्यासालाच पूर्ण गोल असते; लहान बोअरमध्ये ती काही ठिकाणीच टेकते आणि उरलेल्या जागेतून दाब निसटतो. झीज मर्यादेबाहेर असल्यास रिबोअर करून ओव्हरसाइज दट्ट्या व रिंगा घ्याव्यात, अथवा लायनरच बदलावा.

उन्हाळ्यात धूळ फार. अशा ठिकाणी वरची रिंग क्रोमची असलेली बरी, कारण कठीण क्रोममध्ये धुळीचे कण रुतत नाहीत. मात्र लायनरच क्रोमचा असेल तर क्रोमची रिंग कदापि घालू नये. एअर फिल्टरमधील ऑइल बदलण्याचा आळस केला तर महागडी रिंगही वाचत नाही. गुळगुळीत झालेल्या लायनरला होनिंग करून तो साबणाच्या पाण्याने धुवावा. नुसत्या रॉकेलने कण निघत नाहीत.

ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे देयक मंजूर करताना रिंग सेटच्या दरांची तुलना केली जाते, बोअरचे माप मात्र कोणी विचारीत नाही. प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागाची, दोन काटकोनी दिशांनी घेतलेली सहा मापे मिस्त्रीकडून कागदावर घ्यावीत व ती देयकास जोडावीत.