रॅम घेताना खोक्यावरचे दोन आकडे

नवा गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचा म्हटलं की ग्राफिक्स कार्डावर घरात आठवडाभर खल चालतो. रॅमची वेळ आली की मात्र मुलगा रंगीत दिव्यांची महागडी जोडी मागतो आणि वडील विचारतात, तेवढ्याच ३२ जीबीची साधी स्वस्तात मिळत असताना ही कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं बरंचसं उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं.

आधी आतलं पाहू. जगातल्या बहुतेक मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कोर्सेअर किंवा जी.स्किल त्या चिप घेऊन पट्ट्या तयार करतात. त्यामुळे स्वस्त आणि महाग पट्टीतली चिप एकाच कारखान्यातून आलेली असू शकते. जास्त वेगातही न चुकणाऱ्या चिप निवडून बाजूला काढतात, आणि जादा पैसे त्या निवडीचे असतात. शिवाय पट्टीवरच्या पत्र्याचे आणि दिव्यांचेही असतात. त्या उंच पत्र्यामुळे कधीकधी प्रोसेसरवरचा मोठा पंखा बसतच नाही, हे दुकानातच मोजून घ्यावं.

आता खोक्यावरचे आकडे. ‘डीडीआर५-६०००, सीएल३०’ यातला ६००० हा वेग, आणि ३० म्हणजे माहिती मागितल्यावर ती हाती येईपर्यंत किती ठोके थांबायचं. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागलं की ही प्रतीक्षा नॅनोसेकंदांत मिळते. सीएल३० असेल तर १०, सीएल३६ असेल तर १२. ५६०० वेगाच्या सीएल४६ पट्टीत मात्र ती १६च्या वर जाते. ३० आणि ३६मधल्या फरकासाठी मी खिसा रिकामा करणार नाही. ४६ टाळण्यासाठी थोडे जास्त जरूर मोजीन.

कारण गेम प्रोसेसरकडून विखुरलेली माहिती सतत मागत असतो. प्रोसेसरमधली कॅश हा हाताशी असलेला मिसळणाचा डबा, रॅम ही पलीकडची मांडणी. डबा मोठा असेल तर मांडणीकडे कमी वेळा जावं लागतं. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे, रायझन ५ ७६००मध्ये ३२. म्हणून पहिल्यासोबत महागडी रॅम फारसं काही वाढवत नाही, दुसऱ्यासोबत थोडं वाढवते. तेही १०८० रिझोल्यूशनवर स्पर्धेचे वेगवान गेम खेळणाऱ्याला जाणवेल. ४केवर खेळणाऱ्याचं काम ग्राफिक्स कार्डापाशीच अडतं. त्याने वाचलेले पैसे तिकडे वळवावेत. या रायझनवर साधारण ६४००च्या पुढे मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगावर उतरतो, तेव्हा ८०००च्या जोडीचा मोह नकोच.

खरं नुकसान दुसरीकडेच होतं. ‘आत्ता एक पट्टी घ्या, पुढे दुसरी टाकू’ हा सल्ला ऐकू नका. ६०००ची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी वाहून नेते, दोन मिळून ९६. चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. जोडी बसवल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहिला तर घाबरून बटण दाबू नका. मशीन मेमरीशी जुळवून घेत असतं. मग बायोसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्स्पो चालू करा. ते राहिलं तर ६०००ची रॅम बहुधा ४८०० किंवा ५६००वरच चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीसमोर वेग लिहिलेला असतो, तो आज घरी गेल्यावर पाहाच.

२०२५च्या अखेरीस एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला खरेदीला जाण्याआधी घरातलं मशीन उघडून पाहा. आत डीडीआर४-३२०० सीएल१६ची जोडी असेल तर तिचीही प्रतीक्षा १० नॅनोसेकंदच आहे. एएम४ मदरबोर्ड असेल आणि ५८००एक्स३डी हा मोठ्या कॅशचा प्रोसेसर वाजवी भावात सापडला, तर बायोस अपडेट करून तोच बसवा आणि रॅम आहे तीच ठेवा.