तोंडाळ कुणाला म्हणायचं?

(आष्टा येथे झालेल्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)

हप्त्यांचा विषय घ्यायच्या आधी पाच मिनिटं मला एका शब्दावर बोलायचंय.

जास्त बोलणाऱ्याला आपल्याकडं शब्द किती बघा. बडबड्या, बोलघेवडा, गप्पिष्ट, वाचाळ, तोंडाळ. लहान पोर बोललं की 'कसं चुरुचुरु बोलतंय' म्हणून कौतुक. पाव्हणं तासभर बोललं तर गप्पिष्ट. आणि बाई बोलली की 'झाली हिची टकळी सुरू!' टकळी म्हणजे सूत कातायची. ती फिरली की सूत तरी निघतं, म्हणजे नावं ठेवतानाही आपलं कामच सांगितलंय. (हशा)

वाचाळ हा शब्द लई जुना. पाणिनीच्या व्याकरणात 'वाच्' म्हणजे वाणी, यापासून वाग्मी, वाचाल असे शब्द दिलेत. पुढच्या टीकाकारांनी स्पष्टच सांगितलं, की पुष्कळ पण नीट बोलतो तो वाग्मी. उगाच बोलतो तोच वाचाल. म्हणजे किती बोलली हे मोजायचं नाही, काय बोलली ते बघायचं.

तोंडाळ मात्र वेगळा. त्यात उलट बोलल्याचा राग आहे. एका गटात एका मावशींनी विचारलं, "माझं मागच्या महिन्याचं दोनशे रुपये वहीत कुठं हायत?" मागनं आवाज आला, "लई तोंडाळ हाय बया." मावशी गप्प. मी वही मागून घेतली, तर ते दोनशे दुसऱ्याच बाईच्या नावावर चढले होते. लिहिणारीची नजरचूक, लबाडी नव्हती. पण मावशींनी विचारलं नसतं तर ते तसंच पुढं गेलं असतं. पंचसूत्रीत नियमित हिशोब लिहायला सांगितलंय, तो मोठ्यानं वाचायलाही पाहिजे आणि वाचताना विचारायलाही.

बोलू नये असंही असतंय. कुणी कर्ज कशाला काढलं, कुणाच्या घरात काय चाललंय, हे गटाबाहेर जाऊ नये. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, ते अशा वेळी. यानं गट फुटलेले मी बघितलेत.

आता कामाचं. आष्ट्यात नगरपरिषद आहे, पण आसपासच्या गावच्या ताईंनी ध्यानात ठेवा: नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असं कायद्यात आहे. पुढची कधी आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. प्रत्येक गटानं एक प्रश्न लिहून आणायचा, आणि तो कोण बोलणार तिचं नाव आजच वहीत घालायचं. चला, कोण सांगतंय पहिलं नाव?