सोंगाच्या डोक्यात वारा



आज सोंगाविषयी बोलू. सोंग म्हटले की जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवतो. संबळ-सनईच्या तालावर मुखवटे नाचतात. पण आता आणखी एक सोंग गावोगाव आले आहे. लग्नाच्या मांडवाशी, जत्रेत, नव्या दुकानापुढे मोठे अस्वल उभे असते. पोरे त्याचा हात धरतात, खिदळतात.

त्या अस्वलाच्या आत कोण असतो? आपल्यासारख्याच घरचा एखादा मुलगा. पोटासाठी तो ते डोके घालतो. अंगावर केसाळ कापड, डोक्याभोवती जाड स्पंज, वरून वैशाखाचे ऊन. बाहेरून अस्वल हसते आणि आत माणूस गुदमरतो!

असे का होते? आपले अंग घामाने थंड होते. घाम वाळला की अंगातली उष्णता घेऊन जातो. ओले धोतर वाऱ्यावर लवकर वाळते ना? तसेच हे. पण बंद डोक्यात वारा नसतो. श्वासाची दमट हवा तिथेच कोंडते. घाम गळतो, पण वाळत नाही. मग अंग थंड कसे होणार?

यावर उपाय आहे. सोंगाच्या डोक्यात लहान पंखा बसवावा. हे काम अवघड नाही. नीट ऐका.

सामान. संगणकात असतो तसा ४ ते ५ सेंटीमीटरचा चौकोनी पंखा घ्या. त्यावर ५ व्होल्ट लिहिलेले पाहून घ्या. १२ व्होल्टचाही अगदी तसाच दिसतो, म्हणून वाचूनच घ्या. वाचायला शिकलो ते अशाच वेळी कामाला येते. पुन्हा पुन्हा भरता येणारे चार सेल घ्या. असा एक सेल १.२ व्होल्टचा असतो. चार एका रांगेत लावले की ४.८ व्होल्ट होतात. ते पंख्याला पुरतात. साधे चार सेल ६ व्होल्ट देतात. ते या पंख्याला जास्त होतात. शिवाय सेलची डबी, एक बटण, १ अँपिअरचा फ्यूज, वायर आणि बारीक जाळी लागेल.

जागा. ऊन हवा वर चढते. म्हणून पंखा डोक्याच्या वर, मागच्या बाजूला बसवा. त्याने आतली हवा बाहेर फेकावी. नवी हवा अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून येईल. तोंड बंद असेल तर हनुवटीखाली भोके ठेवा. हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा नुसता घरघर करील.

बसवणे. प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण घ्या. त्याला पंख्याएवढे गोल भोक पाडा. पंखा चार स्क्रूंनी झाकणावर आवळा. मग ते झाकण जाड दोऱ्याने स्पंजात शिवून टाका. दोन्ही बाजूंना जाळी लावा, नाही तर केस पात्यात गुंततील.

जोडणी. लाल वायर धन, काळी वायर ऋण. सेलच्या लाल वायरीवर आधी फ्यूज, मग बटण, मग पंख्याची लाल वायर. काळी वायर सरळ काळीला जोडा. नुसता पीळ देऊन सोडू नका. डाख लावा आणि वर टेप घट्ट गुंडाळा. घाम खारट असतो. उघडी तार तो खाऊन टाकतो.

कोणी विचारील, "एवढ्याशा पंख्याला फ्यूज कशाला?" अहो, दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर वायर तापते. आणि ही वायर स्पंजात आहे. स्पंज भसकन पेटतो. फ्यूज आधी जळतो आणि माणूस वाचतो.

सेलची डबी डोक्यात ठेवू नका, कमरेला बांधा. वायर मानेमागून पाठीवर उतरवा. मानेजवळ ओढताच सुटेल असा जोड ठेवा. डोके झटकन काढता आले पाहिजे.

आता बटण दाबा. पंख्याजवळ, डोक्याच्या आतून, कागदाची पट्टी धरा. पट्टी पंख्याकडे ओढली गेली की काम झाले. दूर उडाली तर पंखा उलटा बसवा.

हिशेबही सोपा आहे. सेल २००० मिलिअँपिअर-तासांचे आणि पंखा २०० मिलिअँपिअर घेणारा असेल, तर २००० भागिले २००, म्हणजे १० तास. सेल जुने असतील तर कमी. दोन पंखे शेजारी-शेजारी जोडले तर निम्मे.

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हे कधीही जोडू नका. ती वीज जीव घेते.

बोहाड्याच्या मुखवट्याचे काय? तो देवाचा, पूजेचा. त्याला भोक पाडू नका. बहुतेक मुखवटे मागून उघडे असतात, तिथे हवा खेळते. काही करायचेच असेल तर आधी जाणत्यांना विचारा.

आता शेवटची गोष्ट. पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त घाम वाळवतो. बाहेरची हवाच ४० अंशांच्या वर गेली, तर पंख्यावर विसंबू नये. सोंग सावलीत उभे करावे. वीस मिनिटांनी डोके काढून पाणी प्यावे. वरातीत फटाक्यांपासून दूर राहावे.

चक्कर आली, मळमळले, बोलणे असंबद्ध झाले, तर उन्हाचा झटका समजा. डोके आणि सोंग लगेच काढा. सावलीत निजवा, अंगावर पाणी टाका, वारा घाला. माणूस शुद्धीवर असेल तरच पाणी पाजा. १०८ नंबरला फोन करा.

आणि तुम्ही लग्नघरचे असाल तर एवढे करा. अस्वलाला नाचायला सांगता, तसे बसायलाही सांगा. हातावर पाण्याचा तांब्या ठेवा. पंखा विकत मिळेल, पण माणूस बाजारात विकत मिळत नाही.