नोंदणीचे वर्तुळ

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी तरुणास तिचा खरा अर्थ पहिल्या महिन्यातच उमगतो.

त्या देशाच्या कायद्यानुसार नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत निवासाची नोंद करावी लागते. हयगय केल्यास १००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून या नोंदीस घरमालकाचा दाखलाही लागतो. बर्लिनसारख्या शहरात कचेरीतील भेटीची वेळ बहुधा इंटरनेटवरूनच ठरवावी लागते. घरी इंटरनेट घ्यावे, तर कंपनी बँकेचा खाते क्रमांक मागते. आणि खाते उघडावयास जावे, तर अनेक बँका निवासनोंदीचाच कागद मागतात. वर्तुळ पूर्ण झाले! कराचा क्रमांकही नोंदीनंतर टपालाने येतो. पत्रपेटीवर नाव नसेल, तर पत्र परत जाते. आणि क्रमांकावाचून पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाण्याची भीती असते.

यातील एकही नियम वेडगळ नाही. ओळख पटल्यावाचून बँकेने खाते उघडू नये, हे कोण नाकारील? दोष एवढाच की, समोरचा माणूस दुसऱ्या खिडकीवरून आधीच जाऊन आला आहे, असे प्रत्येक खिडकी गृहीत धरते. शिवाय हा जाच ज्याला सोसावा लागतो, त्या भारतीयास तेथे मताचा अधिकार नसतो. मग त्याचे गाऱ्हाणे वेशीवर कोण टांगणार?

तरीही हे वर्तुळ भेदता येते. २०१६ च्या जूनपासून, युरोपीय संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कोणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, तेथे साधे बँक खाते मागण्याचा हक्क आहे. पासपोर्ट दाखवून आगाऊ पैसे भरण्याचे सिमकार्ड घेता येते. अनेक ठिकाणी ११५ या क्रमांकावर सरकारी कामाची चौकशी करता येते. मात्र हे मार्ग नवख्यास सांगावयास कोणी तरी हवे. आणि ते काम बहुधा आधी गेलेला एखादा देशबंधूच करतो.

परमुलखात इंटरनेट ही चैन नव्हे. आईचा आवाज आणि पोटापाण्याचे काम, दोन्ही त्याच वाटेने येतात. म्हणून राज्यकारभाराची कसोटी जुन्या रहिवाशावर लागत नाही. ती काल गाडीतून उतरलेल्या माणसावर लागते. हे जितके बर्लिनला खरे, तितकेच मुंबईला आणि पुण्यालाही.