फळा पुसण्याआधी

फरीदाबादच्या एका खासगी शाळेत, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मी पंधरा दिवस शिकवलं. हरियाणात २०१९च्या कायद्याने सरकारी शाळांतल्या अतिथी शिक्षकांना ५८व्या वर्षापर्यंत नोकरीची हमी दिली. मला पुढच्या महिन्याचीही नव्हती. पहिल्याच तासाला छाप पाडायची म्हणून मी घाईने फळा पुसला आणि माझ्या पद्धतीने भागाकार सुरू केला. मागच्या बाकावरची मुलगी रडू लागली. बाईंनी सोडवून दिलेलं गणित तिचं अर्धंच उतरवून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी आधी विचारायचे, “मॅम ने कहाँ तक कराया था?” सगळा वर्ग एका सुरात सांगायचा.

माझी नेमणूक पंधरा दिवसांची होती. मुलांचं वर्ष मात्र पुरं होतं. दुसऱ्याच्या वर्गात जाल, तेव्हा फळा पुसण्याआधी एकदा विचारा.