वीस खेड्यांचा रंगीत मासा



एखाद्या मोठ्या हॉटेलाच्या किंवा बंगल्याच्या आवारांत बांधलेलें तळें असतें, आणि त्यांत तांबडे, पांढरे, काळे, सोनेरी असे हातभर लांबीचे मासे संथपणें फिरत असतात. माणसाची सावली पडली, कीं पळून न जातां ते उलट तोंडें उघडून कांठाशीं गर्दी करतात. यांस ‘कोई’ म्हणतात. जपानी भाषेंत ‘कोई’ म्हणजे नुसता कार्प मासा. रंगीत जातीचें पूर्ण नांव ‘निशिकिगोई’, आणि ‘निशिकी’ म्हणजे किनखाब. हा किनखाबी मासा मूळचा मात्र मळकट करड्या रंगाचा, आणि ताटांत वाढण्याचा. महाराष्ट्रांतील धरणांतून जो ‘सायप्रिनस’ बाजारांत येतो, तो त्याचा जवळचा भाऊबंद होय.

कार्पाला मान मिळाला तो प्रथम चीन देशांत. होआंगहो नदीवर ‘ड्रॅगनचें द्वार’ नांवाची अरुंद खिंड आहे. प्रवाहाविरुद्ध झुंजत जो कार्प ही खिंड ओलांडील तो ड्रॅगन होतो, अशी तेथील जुनी कथा. बादशाही परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ‘द्वार ओलांडलेला मासा’ म्हणत. (परीक्षेचा धसका किती पुरातन आहे, याचा हा एक पुरावाच!) तांग राजघराण्याचें आडनांव ‘ली’, आणि कार्पाच्या चिनी नांवाचा उच्चारही ‘ली’; म्हणून त्या राजवटींत हा मासा खाण्यास मनाई झाली होती. राजाच्या नांवाचा प्राणी खाणार कोण?

हीच कथा समुद्र ओलांडून जपानांत गेली. मुलगा शूर व चिवट निघावा म्हणून 5 मे रोजीं घरावर उंच काठी उभारून तिला कार्पाच्या आकाराचे पोकळ निशाण बांधण्याची चाल एदो काळांत रूढ झाली. वारा तोंडांतून आंत शिरला, कीं तें निशाण फुगून जणूं प्रवाहांत पोहूं लागतें. हिरोशिगे या चित्रकारानें 1857 सालच्या आपल्या एका प्रसिद्ध चित्रांत असाच एक प्रचंड काळा कार्प एदो शहरावर तरंगत ठेवला आहे. 1948 पासून तो दिवस तेथें ‘बालदिन’ म्हणून पाळला जातो. ‘पाटावरचा कार्प’ असाही जपानी वाक्प्रचार आहे. ज्याचें भवितव्य सर्वस्वीं दुसऱ्याच्या हातीं गेलें, अशा माणसाविषयीं तो योजतात.

कथा मोठी उदात्त आहे. पण ज्या रंगीत माशाकडे बोट दाखवून ती आज सांगतात, त्यानें कधीं धबधबा चढलेला नाहीं. त्याचा जन्म साचलेल्या पाण्यांतला. खरें पाहतां वरच्या दोन प्रतिमांपैकीं त्याला लागू पडते ती दुसरी.

जपानच्या वायव्य किनाऱ्याकडे निइगाता प्रांत आहे. त्याच्या डोंगराळ भागांत यामाकोशी, ओजिया व भोंवतालचीं खेडीं वसलीं आहेत. या टापूला पूर्वीं ‘वीस खेड्यांचा मुलूख’ म्हणत. हिंवाळ्यांत तेथें दहा फुटांहून अधिक बर्फ पडतें आणि वाटा बंद होतात. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचीं भातखाचरें, आणि त्यांच्या माथ्यावर वितळलेल्या बर्फाचें पाणी सांठविण्यासाठीं खणलेलीं तळीं. शेतकरी या तळ्यांत कार्प सोडीत. शौक म्हणून नव्हे. बर्फांत अडकलेल्या महिन्यांत घरांत कांहीं तरी सकस खावयास असावें म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांत एखादा तांबडा, एखादा पांढरट मासा दिसूं लागला. तळीं लहान, मासे थोडे आणि बाहेरचें रक्त मिसळण्याचा संभव कमी. त्यामुळें पिढ्यानपिढ्या दबून राहिलेले गुण वर आले. नदींत असा मासा बगळ्यानें पहिल्याच दिवशीं टिपला असता. येथें एका शेतकऱ्यानें तो पाहिला आणि चुलीवर न चढवितां बाजूला ठेवला. सारा इतिहास या बाजूला ठेवण्यांत आहे.

पुढें पांढऱ्यावर तांबडे ठसे असलेला ‘कोहाकु’ निघाला. 1914 सालीं तोकियोंत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हे मासे मांडले गेले आणि डोंगरांतला छंद राजधानीला ठाऊक झाला. तांबडा, पांढरा व काळा यांचे आणखी मेळ मागाहून साधले. ज्याच्या डोक्यावर एकच वाटोळा तांबडा टिळा असतो त्याला ‘तांचो’ म्हणतात. तें मूळ तांबड्या माथ्याच्या क्रौंच पक्ष्याचें नांव. 2018 सालीं हिरोशिमा येथें एक कोहाकु मादी 20 कोटी 30 लक्ष येनांस विकली गेली. या किमतीवरून माशापेक्षां माणसाविषयींच अधिक कळतें.

एक मादी लाखों अंडीं घालते. तीं चार-पांच दिवसांत फुटतात. मग उन्हाळाभर पिल्लांची निवड चालते, आणि शंभरांतलीं थोडींच राखलीं जातात. बाकीचीं काढून टाकावीं लागतात. सौंदर्याचा हा हिशेब निष्ठुर आहे, आणि कोईची स्तुति करणारे तो सहसा सांगत नाहींत.

घरीं हा मासा पाळावयाचा तर त्याचे रंग निवडण्याआधीं पाणी सांभाळावयास शिकलें पाहिजे. कार्पाला जठर नसतें. तो थोडें थोडें खातो आणि अखंड घाण करतो. त्याच्या श्वासांतून व विष्ठेंतून अमोनिया निघतो, आणि तो विषारी असतो. गाळणीच्या दगडगोट्यांवर वसलेले सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग बरेंच निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जंतु वाढण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून आज तळें बांधून उद्यां मासे सोडणाराची निराशा ठरलेली. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन काढल्यावांचून तें तळ्यांत घेऊं नये. नवा मासा कांहीं आठवडे वेगळा ठेवावा. 2003 सालीं जपानांतील कासुमिगाउरा सरोवरांत एका विषाणूनें कार्पांचा भयंकर संहार केला होता. गार पाण्यांत मासा जवळजवळ खाईनासा होतो. आपल्याकडील अडचण उलट आहे: तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो, म्हणून सावली, खोली आणि रात्रंदिवस हवा सोडणारा पंप हवा. पंप बंद पडला, तर भरलेल्या तळ्यांतले मासे कांहीं तासांतही गुदमरतात.

23 ऑक्टोबर 2004 च्या संध्याकाळीं निइगातांत 6.8 प्रतीचा भूकंप झाला आणि 68 माणसें दगावलीं. यामाकोशीचे रस्ते तुटले, डोंगरकडे खाचरांसह खालीं आले. कोसळलेल्या मातीनें नदी तुंबून घरें पाण्याखालीं गेलीं. गांवचे सुमारें 2200 रहिवासी हेलिकॉप्टरांतून नागाओका शहरीं हलविण्यांत आले. मासे मागें राहिले. कांहीं तळीं फुटून रितीं झालीं. जेथें पाणी राहिलें तेथें वीज नव्हती, आणि मासे गुदमरून मेले. पिलें गेलीं तर पुन्हां होतील. परंतु निवडून राखलेले आईबाप मासे गेले, कीं पिढ्यांचें काम गेलें. म्हणून लोकांनीं धडपड करून वांचलेल्यांपैकीं कांहीं मासे हेलिकॉप्टरनें बाहेर काढविले. आकाशमार्गें प्रवास करणारा कार्प शेवटीं खरोखरच पाहावयास मिळाला. पण तो ड्रॅगन होऊन नव्हे, टाकींत बसून.

गांवकरी सुमारें तीन वर्षें तात्पुरत्या घरांत राहिले. सारेच परतले नाहींत. परतले त्यांत म्हातारे अधिक होते. त्यांनीं तळ्यांचे बांध पुन्हां घातले. 2017 सालीं जपान सरकारनें बर्फाच्या पाण्यावरील तेथील भातशेती व कोईपालन यांस राष्ट्रीय कृषिवारशांत स्थान दिलें. भाताची कापणी उरकली, कीं ऑक्टोबरांत डोंगरावरच्या तळ्यांचें पाणी सोडतात, कमरेइतक्या चिखलांत उतरून जाळें ओढतात, आणि बर्फ पडण्याआधीं एकेक मासा खालीं आणून छपराखालच्या हौदांत सोडतात.